परदेशातल्या पुराची सरासरी

तपासनीस बाईंच्या टेबलावर परदेशातली धरणं, बंदरं, कारखाने यायचे, अर्थात कागदावर. सरकारी कंपनीने बाहेरदेशी पैसा घालण्याआधी तिथल्या हवापाण्याचं काय होईल ते बाईंनी तपासायचं आणि सही करायची. चौदा वर्षं तपासून डोळे अधू झाले होते. सही मात्र अजून ठसठशीत होती.

आजची फाईल वीजकारखान्याची. कामगारांच्या खोल्या नदीकाठी. आपल्या देशात बांधायचं तर गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात मोठा पूर धरून जोतं उचलावं लागतं. परदेशात मात्र तिथलाच नियम चालतो, आणि तो नियम तीस वर्षांची सरासरी धरत होता. हवामान फिरल्यापासून चार वर्षांत नदी तीनदा छपराच्या उंचीला चढलेली. पण आधीची सव्वीस वर्षं बिचारी गुणी होती. सरासरीत सगळं पाणी घोट्याखाली आलं. बाईंनी सही ठोकली, पिशवी उचलली आणि घर गाठलं.

दारातच धाकटा भाऊ. दोन वर्षं हाताला काम नसलेला फिटर.

"ताई, लागलो! एजंटने लावलं, बाहेरदेशी वीजकारखान्यात. खोली फुकट, तीही नदीकाठी. तपासणीची सही पडली की निघायचं."

बाईंनी देश विचारला, नदी विचारली, आणि चपलांसकट खुर्चीत बसल्या.

"पडली सही. माझीच आहे. तू जायचं नाहीस."

"का?"

"बुडशील."

"पाणी येणार हे ठाऊक असून सही केलीस?"

"नियमाप्रमाणे केली."

"मग मीही नियमाप्रमाणेच जातो," म्हणत तो बॅग शोधायला माळ्यावर चढला.

सकाळी फाईल साहेबांच्या टेबलावर होती. बाईंनी भावाचं सांगून ती परत मागितली.

"भावाची काळजी आहे ना? मग त्याला घरी ठेवा," साहेब म्हणाले. "फाईल कशाला अडवता? नियम कुठे मोडलाय?"

"नियम धडधाकट आहे, साहेब. खोल्या बुडतील."

"आणि हे कालच्या सहीनंतर सुचलं?"

"सहीआधीच सुचलं होतं. कंटाळा केला."

बाईंनी सही खोडली आणि शेजारी लिहिलं: 'खोल्या टेकडीवर न्याव्यात. तोवर संमती नाही.'

"तीन महिने लांबलं काम. तुमच्या बढतीचं विसरा आता."

"ते विसरूनही बरीच वर्षं झाली."

भावाला त्यांनी संध्याकाळी सांगितलं. त्याने भरलेली बॅग पायाने पलंगाखाली सारली.

"टेकडीवर नेतील खोल्या?"

"माहीत नाही."

"आणि एजंटने दुसरा फिटर पाहिला तर?"

"पाहीलही."

"मग तोवर मी काय तुझं तोंड बघत बसू?"

"बस," बाई म्हणाल्या, आणि त्याच्या शेजारी पाय पसरून भिंतीला टेकल्या.