इर्जिकीच्या गाद्या

मी एक जुनी कोळशाची मोटार आहे. मित्रांनो, कामशेत स्टेशनामागच्या या चिंचेखाली मला उभी केल्याला दोन पावसाळे झाले, तरी माझी चाकं अजून शांत नाहीत. रुळावरून गाडी शिटी देत गेली की माझा जीव नुसता तळमळतो. एका जागी राहणं माझ्या स्वभावातच नाही. म्हणून माझी हकिगत मी भरभर सांगणार आहे, मध्ये थांबवू नका.

माझा सांगाडा बोटीतून मुंबईला उतरला आणि लोणावळ्याच्या एका सुताराने त्यावर सागवानी घर चढवलं. आत चामड्याच्या गाद्या होत्या, खाली स्प्रिंगा. हवा खायला आलेल्या पाहुण्यांना मी स्टेशनवरून बंगल्यावर न्यायची, वलवणचं धरण दाखवून आणायची. पाहुण्यांची मुलं गाद्यांवर उड्या मारत. मला त्याचं काही वाटत नसे, कारण मी सारखी धावत होते.

मग लढाई सुरू झाली. पेट्रोल मिळेना, पाहुणे आटले. मालकाने मला वडिवळ्याच्या गेणूभाऊंना विकून टाकलं. गेणूभाऊंनी माझ्या पाठीला पत्र्याची भट्टी जोडली. तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्याच्या वायूवर मी चालायचं. निघण्याआधी कितीतरी वेळ पंखा फिरवून विस्तव फुलवावा लागे. तेवढा वेळ उभं राहणं म्हणजे मला शिक्षाच वाटे. चढ लागला की लोक खाली उतरून मला ढकलत. तरी वडिवळ्याहून कामशेत, वडगाव करत मी तळेगाव गाठायचीच.

गाद्यांचे मात्र हाल झाले होते. चामडं फाटलं, स्प्रिंगा वर आल्या. कुणाचं धोतर अडके, कुणाचं लुगडं. लोक आधी हात फिरवून बघत आणि मग बेतानं टेकत. मला शरम वाटायची.

नवं चामडं मिळण्यासारखं नव्हतं. शेवटी गेणूभाऊंनी इर्जिक घातली. एखाद्याच्या शेतावर सगळा गाव आपापली अवजारं घेऊन राबायला येतो आणि फक्त जेवण घेतो, तशी ही माझ्या गाद्यांची इर्जिक. भाताची झोडणी नुकतीच झाली होती. घराघरातून पेंढा आला, गोणपाट आलं. मोठं रान असलेल्या कोंडाजीआबांनी तर बैलगाडीभर पेंढा पाठवला, नथूने डोक्यावरून भारा आणला. कामशेतच्या मेहबूबभाई पिंजाऱ्यांनी तो दाबून भरला. बयाबाईकडे शेतच नव्हतं, मग पेंढा कुठला? ती दिवसभर दाभण आणि सुतळी घेऊन गाद्या शिवत बसली. संध्याकाळी सगळे गेणूभाऊंकडे भात-आमटी जेवले. इतका आनंद मला पहिल्या दिवशीही झाला नव्हता.

तो आनंद आठवडाभर टिकला. पुढे ज्याचा पेंढा त्याची गादी, असं लोकांनी मनाशी धरलं. कोंडाजीआबांच्या पुढच्या दोन गाद्या, नथूची मागची. घरचं कुणी आलं नाही तरी गादी रिकामी राहायची आणि दुसरा दांडा धरून उभा राहायचा. गेणूभाऊंना हे पटत नव्हतं. पण भट्टीचा कोळसा कोंडाजीआबांच्या रानातून येई, म्हणून ते कुणाला हटकत नसत. मला राग यायचा. गाद्या माझ्या आणि मालक भलतेच.

बयाबाईची नात ठकू. गवत कापताना तिच्या पायाला विळा लागला आणि पाय सुजून टम्म झाला. तळेगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की मलमपट्टी एकदाही चुकली तर पाय कापावा लागेल. बयाबाई तिला घेऊन माझ्यात चढली आणि पुढच्या रिकाम्या गादीवर बसली. पुढच्या वाडीला कोंडाजीआबा चढले.

"बये, ऊठ. आमच्या पेंढ्यावर बसलीयास."

ती उठली. ठकूला घेऊन खाली फळीवर बसली. खड्डा आला की पोर कण्हायची आणि मला माझ्याच चाकांचा राग यायचा.

पुढच्या खेपेला बयाबाई थांब्यावर दिसली नाही. दिसली ती कामशेतच्या पलीकडे, ठकूला पाठंगुळी घेऊन चालताना. गेणूभाऊंनी मला थांबवलं.

"बये, चढ की."

"न्हाई भाऊ. माजा पेंढा कुटं हाय तुमच्या गाडीत? जाईन चालत."

तळेगाव लांब होतं. डॉक्टर दुपारी निघून जात. चालत गेली तर पट्टी नक्की चुकणार होती. माझ्या पुढच्या गादीवर कोंडाजीआबा एकटे होते, शेजारची गादी रिकामी. ते दुसरीकडे बघत राहिले. भट्टीतला विस्तव मंदावत होता आणि मी नुसती थरथरत होते.

तेव्हा मेहबूबभाई उठले. ते कामशेतहून बाजाराला निघाले होते. त्यांनी कमरेची सुरी काढली.

"आबा, उठा जरा."

"का रं?"

"गादी उसवायचीय. म्या भरली, म्याच काढतो."

आबा उठेपर्यंत शेजारची गादी उसवून झालीसुद्धा. मग आबांची, मग नथूची, मग सगळ्या. पेंढा फळीवर सांडला. मेहबूबभाईंनी तो पायांनी खालीवर केला.

"मेहबूबभाई, मागं भट्टी हाय. ठिणगी पडली तर पेटल सगळं," गेणूभाऊ म्हणाले.

"मग बसा की समदी त्याच्यावर, दाबून. ज्यानं त्यानं आपला पेंढा वळखा आन् बसा."

कोंडाजीआबांनी खाली वाकून मूठभर पेंढा उचलला. उलटसुलट करून पाहिला आणि खाली टाकला. नथू हसू लागला. मग आबा दाराशी गेले आणि त्यांनी हात पुढे केले.

"बये, पोरीला दे हिकडं."

ठकूला मधोमध निजवलं आणि सगळे तिच्याभोवती मांडी घालून बसले. मित्रांनो, त्या दिवशी मी कुठेही खोळंबले नाही. चढावर कुणाला उतरावंही लागलं नाही. डॉक्टर टोपी घालून निघालेच होते, आम्ही त्यांना दारात गाठलं.

संध्याकाळी बयाबाईने तो एक झालेला पेंढा भरून गाद्या पुन्हा शिवून दिल्या. ठकूचा पाय वाचला. ती किंचित लंगडते, पण चालते.

लढाई संपली, पेट्रोल आलं, नव्या मोटारी आल्या. माझी भट्टी गंजली. आता माझ्या गाद्यांत कोंबड्या अंडी घालतात आणि शेळ्या कोपऱ्यांतून पेंढा ओढून खातात. मला वाईट वाटतं, पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते उभं राहण्याचं.

माझ्या शेवटच्या खेपेला गर्दी होती. ठकू पुढे बसली होती. कोंडाजीआबा काठी टेकत चढले, खूप थकले होते. बसायला जागा नाही असं बघून ते दांडा धरून उभे राहिले. कुणाला ऊठ म्हणाले नाहीत.

"आबा, हितं बसा," ठकू म्हणाली. "मी सरकते."

मित्रांनो, तुम्ही नव्या मोटारीत बसाल. तिच्या गाद्या खिळ्याने कोरू नका, त्या शिवताना कुणाची तरी बोटं दुखलेली असतात. आणि दाराशी कुणी उभं दिसलं तर सरका. तुम्ही सरकलात असं मला कुणी येऊन सांगितलं, तर मी या चिंचेखाली थोडा वेळ स्वस्थ उभी राहीन.