वाटीवरची दोन बोटं

आत्मे बोलावणाऱ्या दुर्गाबाईनं आपलं बोट उचललं, तरी वाटी सरकतच राहिली. बैठकीत दाटीनं बसलेल्या पंचवीस-तीस जणांनी पुढे झुकून पाहिलं.

"पाहा, माह्यं बोट नाही," ती म्हणाली. "आत्म्याले ना लाईट लागत, ना नेट. फकस्त भाव लागते."

पालथ्या वाटीवर आता दोनच बोटं होती, माझं आणि बाबांचं. खाली कागदावर गोलाकार मुळाक्षरं. आई जाऊन अडीच महिने झाले होते. अकोल्यातल्या आमच्या घरात पुस्तकांची तीन कपाटं आहेत, आणि त्यांच्याच समोर तीन आठवडे रोज दुपारी ही वाटी फिरत होती. आईच्या साड्या एकेक करून दुर्गाबाईच्या पिशवीत चालल्या होत्या. त्याचं मला फार वाटत नव्हतं. भीती वेगळी होती.

नऊ दिवसांपूर्वी वाटी स, ई, न, क या अक्षरांवर थांबली. काना-मात्रा आम्हीच लावायचो. 'सुई नको.' त्या दिवसापासून बाबांनी इन्सुलिन बंद केलं. आज सकाळी साखर चारशे दहा होती. तोंडाला कोरड पडून ते बोलताना अडखळत होते.

"बाबा, डॉक्टरांना तरी विचारा," मी म्हणाले होते.

"डॉक्टर मले तुह्या मायपेक्षा जास्त ओळखते काय?"

घाबरले तर मीही होते. परवा वाटीनं भ, ग, र दाखवलं होतं. भिंगरी. वेणी घालताना आई कानाशी मला तसं म्हणायची. ते नाव दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

काल माझ्या बहिणीची मुलगी प्रियदर्शनी अमरावतीहून आली. ती बी.ए.ला मानसशास्त्र शिकते. तिला मी हे सांगितलं.

"तुह्याशिवाय कोणालेच माहीत नव्हतं ना, मावशी? मंग वाटीवर बोट कोणाचं होतं?"

मला तिचा राग आला.

आता तीच उभी राहिली. "दुर्गाबाई, आजी समदं पाहते ना?"

"पाहते."

"मंग मावशीचे अन् आबांचे डोळे बांधू. पाहायचं काम आजीचं. एकच प्रश्न दोनदा विचारू."

"विचार ना. माह्या आत्म्याले कशाचं भेव?"

"तुमच्या नाही, आमच्या आजीच्या." दोघं-तिघं हसले.

प्रश्न साधा होता : तुझं नाव काय? आईचं नाव शालू.

पट्टीखालच्या अंधारात वाटी सरकली, थांबली, पुन्हा सरकली. "श," कुणीतरी वाचलं. मग "ल." शेजारच्या लीलाबाई रडू लागल्या. ही खरंच आई असेल, तर 'सुई नको' हेही तिचंच. मग बाबांना मी कशी वाचवणार होते?

"बोटं उचला. पुन्हा एकदा," प्रियदर्शनी म्हणाली. कागद सळसळला.

वाटी निघाली, पहिल्यासारखीच ठाम. दोनदा थांबली. या वेळी कुणी काही वाचलं नाही.

पट्टी सोडली तेव्हा वाटी 'ठ'वर होती. त्याआधी 'ढ'वर थांबली होती म्हणे. प्रियदर्शनीनं कागद अर्धा फिरवून ठेवला होता.

"कागद फिरवला म्हणून आत्मा भडकला," दुर्गाबाई म्हणाली.

"भडकला असता तर वाटी कुठीबी गेली असती. ते जुन्याच जागी गेली, श अन् ल होते तिथं. मी एकच गोष्ट बदलली, बाकी समदं तसंच ठेवलं. आजीले बदल दिसला असता. ज्याईले दिसला नाही, त्याईनंच वाटी नेली." मग तिचा आवाज उतरला. "मुद्दाम नाही, आबा. मनात असते तिकडं बोट जाते. आपल्याले कळतबी नाही."

दुर्गाबाईला वाटी ढकलावी लागलीच नव्हती. तीन आठवड्यांत अक्षरांच्या जागा आमच्या बोटांना पाठ झाल्या होत्या.

बाबांनी वाटी कागदावरून उचलली. "सुई तुही मायच टोचे," ते म्हणाले. "मले स्वतःले टोचाचं भेव लागते."

"भिंगरी माझंच होतं, बाबा."

दुर्गाबाई पिशवी घेऊन निघाली. आम्ही बाबांना ऑटोत बसवून दवाखान्यात नेलं. वेळेवर आणलं, असं डॉक्टर म्हणाले. बाबा वाचणार होते. आणि मला मात्र आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटत होतं.

तुमच्याही घरी गेलेलं माणूस बोलू लागलं, तर ऐकायचा मोह होईल. होऊ द्या. पण एकदा डोळे बांधा, कुणाला तरी, तुम्हाला न सांगता, कागद फिरवायला लावा, आणि मग वाटी कुठे जाते ते पाहा. तोवर औषध बंद करू नका.