पोळपाटावरचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना संगमरवरी पोळपाट आहे. तीन पायांचा, वजनाला भक्कम आणि खरं सांगायचं तर थोडा गर्विष्ठ. इंदूरच्या सुदामा नगरातल्या सुहासिनीबाईंनी चाळीस वर्षं माझ्यावर पोळ्या लाटल्या. पाहुणे पोळ्यांची तारीफ करत, आणि ती माझीच आहे असं मी धरून चालत असे.

पुढे बाईंचे गुडघे कुरकुरू लागले. पोळ्यांना बाई आली आणि तिला हलका लाकडी पोळपाट हवा होता. माझी रवानगी गॅसच्या टाकीमागे झाली. तिथे दोन वर्षं मी झुरळांना अंगावरून फिरू दिलं. फार वाईट वाटलं, लपवून काय करू?

घरात तेव्हा मोठी काळजी शिरली होती. बाईंचे यजमान कृष्णराव विसरू लागले होते. परदेशीपुऱ्यातली त्यांची गिरणी कधीच बंद पडली, तरी सकाळ झाली की ते कामावर निघत आणि रस्ता चुकत. त्यांच्या लेकीने, क्षितिजाने, नाव आणि फोन नंबर असलेला, मनगटावर बांधायचा प्लास्टिकचा पट्टा आणला. कृष्णरावांनी तो कात्रीने कापून टाकला.

"माझं नाव मला येतं," ते म्हणाले. "मी काय स्टेशनवर राहिलेली बॅग आहे?"

मग बाईंनीच कंबर कसली. विजय नगरात शिखा नावाची मुलगी चामड्याचे मनगटी पट्टे करायला शिकवते, तिच्याकडे त्या जाऊ लागल्या. शिखाने सांगितलं, "आंटीजी, घरी करताना खाली पत्थर ठेवा. लकडी दबते, ठसा नीट उठत नाही."

बाईंना मी आठवलो! पण माझ्यावर चामडं? जन्म पिठात गेलेला मी, अंगावर काटाच आला. बाईंनी मला धुऊन पुसून खिडकीत मांडलं आणि म्हणाल्या, "आता तुझ्यावर पोळी नाही. हे काम त्याहून मोठं आहे."

शिकणं सोपं नव्हतं. कोरण्याआधी चामडं ओलं करतात; पहिल्या पट्टीला पाणी जास्त झालं आणि अक्षरं फुगली. दुसरीवर चाकू आरपार गेला. तिसरी छान कोरली, पण रंगवण्याआधी ती माझ्यावर पालथी ठेवली. माझ्या अंगात चाळीस वर्षांचं तूप मुरलेलं. ते चामड्याने प्यायलं आणि तेवढ्या जागी रंग बसेना. चूक माझी होती. बाईंनी मात्र स्वतःलाच बोल लावला आणि मला सोड्याने घासून दोन दिवस उन्हात ठेवलं.

चौथ्या पट्टीवर त्यांनी यजमानांचं नाव कोरलं. उखाण्याशिवाय ते नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक अक्षर दोनदा गिरवावं लागलं, पण पट्टा देखणा झाला. कृष्णरावांनी तो वाचला आणि बाजूला सारला. नाव त्यांना येत होतं.

त्या दुपारी बाई पुन्हा माझ्यापुढे बसल्या. मग पाचवी पट्टी ओली केली आणि तिच्यावर स्वतःचं नाव कोरलं. खाली आपला नंबर. तपकिरी रंग दिला, पुसला, पुन्हा दिला. यावेळी एकही अक्षर दोनदा गिरवावं लागलं नाही.

"हे तर तुझं नाव," कृष्णराव म्हणाले.

"हो. तुम्ही सांभाळा. माझ्याकडून हरवेल."

त्यांनी मनगट पुढे केलं.

महिन्याभरात ते पुन्हा निघून गेले. क्षितिजा गाडी घेऊन शोधत फिरत होती आणि घरी बाईंनी फोन माझ्यावर ठेवला होता. दुपारी तो वाजला. परदेशीपुऱ्यातला एक दुकानदार बोलत होता.

"सुहासिनीजी आप हैं? अंकलजी मेरी दुकान पर बैठे हैं। नंबर देखने को मैंने पट्टा माँगा, तो उतारने नहीं दिया। बोले, हमारी मिसेस का नाम है, सँभालने को दिया है।"

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. दोन थेंब माझ्यावर पडले, तेही मी मुरवून घेतले.

मित्रांनो, जुनं झालं म्हणून कुणाला टाकीमागे ढकलू नका. त्याच्या जोगतं काम त्याच्या हाती द्या, मग बघा. आता रोज संध्याकाळी बाई तो पट्टा माझ्यावर ठेवून खोबरेल चोळतात. चामडं कोरडं पडलं की तडकतं. तेवढा वेळ कृष्णराव शेजारी बसून मनगट चाचपतात आणि विचारतात, "झालं का? दे लवकर. ते माझ्याकडे असतं."