पोट आत ओढून दिलेलं माप

धाकटे मास्तर कोटाची बाही मांडीवर घेऊन नुसतेच बसले होते. गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही म्हटल्यावर सुईत दोरा तरी कसा ओवणार? थकवा त्यांच्या हाडांत मुरला होता.

मागच्या खोलीत त्यांचे वडील होते, थोरले मास्तर. एके काळी नुसत्या नजरेने माप सांगणारा माणूस. वर्षापूर्वी त्यांनी एका पँटचा एक पाय वीतभर आखूड बेतला आणि तिथून उतरण लागली. मग त्यांना शिलाई मशीनखाली लहान मुलं दिसू लागली. गुपचूप बसलेली, कोणाच्या अध्यात ना मध्यात. "कपडे पातळ आहेत रे त्यांचे," असं म्हणत ते उरलेल्या कापडाचे तुकडे मशीनखाली सारायचे. रात्री झोपेत कोणाशी तरी हातघाईवर यायचे. आणि सकाळी कधी कधी इतकं चोख बोलायचे, की धाकट्यांना वाटायचं, बाबा आपली फिरकी तर घेत नाहीत ना?

डॉक्टरांकडे नेलं होतं. तिथे थोरले अगदी व्यवस्थित उत्तरं देत. "आणखी काही?" असं डॉक्टरांनी विचारलं, की धाकटे म्हणत, "विसरतात, रात्री आरडाओरडा करतात. बाकी काही नाही." मशीनखालच्या मुलांचं नाव काढत नसत. वेड्याचं घर म्हणून बोभाटा झाला तर दुकानाची पायरी कोण चढणार! बाहेर रांग होती, डॉक्टरांनीही खोदून विचारलं नाही. स्मृतिभ्रंश म्हणाले आणि रात्री शांत राहण्याची गोळी लिहून दिली.

त्या गोळीने थोरले थोड्याच दिवसांत लाकडासारखे ताठले. पेला हातात धरवेना, घास गिळवेना.

"अहो, माणूस डोळ्यांदेखत हातचा चाललाय," बायको म्हणाली. "आता तरी लाज गुंडाळून ठेवा."

म्हणून ते वडिलांना घेऊन मेंदूच्या आजारांवर उपचार करणाऱ्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंकडे आले. पण खुर्चीत बसताच धाकट्यांच्या तोंडून तेच जुनं पाठांतर बाहेर पडलं. बाकी काही नाही!

बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या थोरल्यांकडे वळल्या. "मास्तर, माझ्या या कोटाचं बघा ना. खांद्यात ओढतो."

थोरल्यांनी ताठरलेल्या बोटांनी शिवण चाचपली. "माप देताना श्वास धरला असणार तुम्ही," ते पुटपुटले.

बाई मनापासून हसल्या. मग कापडाच्या, काजाबटणांच्या गोष्टी करत राहिल्या. कुठलीच घाई नाही. बोलता बोलता त्यांनी खुर्ची मागे सरकवली, तसे थोरले म्हणाले, "जपून हं बाई. मागे पोर बसलंय."

धाकट्यांचा चेहरा पडला. "वय झालंय, काहीबाही बोलतात..."

"थांबा! हेच तर मला हवं होतं," बाई म्हणाल्या. "कधीपासून दिसतात ही मुलं?"

धाकट्यांना वडिलांनीच दिलेला पहिला धडा आठवला. माप देताना गिऱ्हाईक पोट आत ओढतं. त्याला गप्पांत गुंतव, श्वास सोडू दे, मगच टेप लाव. बाईंनी तेच केलं होतं. आणि इतके दिवस पोट आत ओढून बसलो होतो ते आपणच! त्यांना रडू फुटलं. मग त्यांनी सगळं सांगितलं.

"मला लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशाचा दाट संशय आहे," बाई म्हणाल्या. "नसलेलं दिसणं, झोपेतली मारामारी, कधी लख्ख तर कधी धुकं, अंगातला ताठरपणा. हे सगळं एकत्र मांडलं तरच तो ओळखू येतो. एखादी गोष्ट लपवली की भलतंच नाव चिकटतं. आणि या आजारात काही गोळ्या सोसतच नाहीत. तुमच्या बाबांना तेच भोवलंय."

"म्हणजे आता नक्की कळलं ना?"

"शंभर टक्के नाही. चूक माझीही होऊ शकते. म्हणून जे जे बदलेल ते येऊन सांगत राहा. तुम्ही नाही का कच्चे टाके घालून कोट आधी अंगावर चढवून बघत?"

"मग आधीच्या डॉक्टरांचं चुकलंच की!"

"त्यांनी विचारायला हवं होतं. तुम्ही सांगायला हवं होतं."

बाईंनी ती गोळी थांबवली. थोरले हळूहळू सैलावले, स्वतःच्या हाताने पाणी पिऊ लागले. आजार गेला नाही, जाणारही नाही. मुलंही अजून मशीनखाली बसतात. धाकटे आता त्यांच्यावरून वडिलांशी हुज्जत घालत नाहीत.

परवा माप द्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, "वडील कसे आहेत?" एरवी उत्तर ठरलेलं होतं, वय झालं, चालायचंच.

"आजार आहे त्यांना," धाकटे मोठ्याने म्हणाले. "नसलेली मुलं दिसतात."

गिऱ्हाइकाने धरून ठेवलेला श्वास सोडला. "माझी आई भिंतीवरची मांजरं हाकलत असते हो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आम्ही कुणाला बोललोच नाही."

"डॉक्टरांना सांगा. उद्याच सांगा!"

वाचकहो, म्हातारपणाच्या नावाखाली आपण किती आजार खपवतो! डॉक्टरांनी घाई न करता विचारावं, घरच्यांनी लाज न बाळगता सांगावं. आपण खोटं माप दिलं, तर चुकीचं औषध अंगावर वागवावं लागतं ते आपल्याच माणसाला.