मावशींच्या पोटातला चट्टा

मित्रांनो, मी दवाखान्यातली एक जुनी दुर्बीण आहे. चांदण्या बघणाऱ्या दुर्बिणी वेगळ्या. मी माणसांच्या पोटात डोकावते. काळी, लवचिक, करंगळीएवढी जाड. तोंडातून आत शिरायचं आणि दिसेल ते पडद्यावर दाखवायचं, हे माझं काम. आम्लाने भाजलेली अन्ननलिका, जठरातले व्रण, सुजलेलं अस्तर, एकदा तर एका मुलीने गिळलेलं फ्रॉकचं बटण! डॉक्टर तोंडभरून कौतुक करायचे आणि मी फुशारून जायचे.

मला धुणाऱ्या मावशींचं कौतुक मात्र कुणी केलं नाही. चौदा वर्षं त्या प्रत्येक तपासणीला पडद्याकडे बघत टेबलाशेजारी उभ्या राहिल्या आणि नंतर त्यांनी मला ब्रशने आतून-बाहेरून घासलं. दुखणं अंगावर काढलं म्हणून त्या पेशंटना दटावत, आणि स्वतःचं पोट दुखलं की ॲप्रनच्या खिशातली पित्ताची गोळी तोंडात टाकत. ॲप्रनची नाडी कमरेला दोन वेढे घेऊ लागली, तरी म्हणे पित्तच. शेवटी एके दिवशी सिंकपाशीच त्यांना भोवळ आली. तपासलं, तर अंगात रक्त फारच कमी. डॉक्टरांनी त्यांना टेबलावर झोपायला लावलं.

मित्रांनो, त्यांच्या तोंडात शिरताना मला कसंसंच झालं. डॉक्टर घाईत होते; बाहेर सहा जण ताटकळले होते. अन्ननलिका ठीक, जठर जरासं लालसर. "पित्तच आहे, मावशी," म्हणत ते मला बाहेर ओढू लागले.

तेवढ्यात मावशींनी त्यांचं मनगट धरलं. दातांत प्लास्टिकचं कडं, बोलता येईना, डोळ्यांतून घळाघळा पाणी. पण कुशीवर पडल्या पडल्या त्या पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांना काहीतरी ओझरतं दिसलं होतं. त्यांनी बोट वळवून दाखवलं. म्हणजे, दुर्बिणीची मान मागे वळवा, वरचं बघा.

डॉक्टरांनी माझी मान वळवली आणि मी हादरलेच. जठराच्या वरच्या कोपऱ्यात नखाएवढा फिकट, खडबडीत चट्टा होता. मघाशी मी त्याच्या शेजारूनच गेले होते! माझा दिवा लख्ख, डोळा शाबूत, आणि तरी माझ्या लक्षात आला नव्हता. माझ्यातून बारीक चिमटा सरकवून त्यांनी तिळाएवढा तुकडा तपासणीसाठी काढला.

कर्करोगच निघाला. पण अगदी सुरुवातीचा.

डॉक्टर मावशींसमोर मान खाली घालून बसले. म्हणाले, "तुम्हाला एवढं कळतं, मग आधी का नाही सांगितलंत?"

मावशी म्हणाल्या, "रोज दुसऱ्यांच्या पोटात बघत होते, डॉक्टर. माझं बघायचं राहूनच गेलं."

शस्त्रक्रिया झाली, थोडं जठर गेलं, मावशी वाचल्या. आता माझ्या जागी नवी दुर्बीण आली आहे आणि मी कपाटात पडून असते. त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात जी सगळ्यांना वाढून मग जेवते, तिला आज विचारा, "तुझं पोट दुखतं का गं?" आणि ती "काही नाही रे, पित्त आहे" म्हणाली, तर तेवढ्यावर सोडू नका.