दोन चंद्रांची भरती

होडी विकल्यापासून बाबा बंदरावर गेला नव्हता. आठ महिने. माहुलच्या आमच्या घरापासून बंदर चार मिनिटांवर आहे, पण विचारलं की गुडघे दुखतात म्हणायचा. साफ खोटं. त्याच गुडघ्यांनी तो रोज दूध आणायला नाक्यापर्यंत जायचा. आईने समजावून पाहिलं, मी भांडून पाहिलं. शेवटी दोघी गप्प बसलो, आणि गप्प बसणं मला अजिबात जमत नाही.

मी कल्पिता. आठवडाभर घरूनच अंधेरीच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि सुट्टीत गेममधल्या. राक्षस, जादूगार आणि मैलोन्‌मैल मोकळं जग असलेला एक जुना गेम आहे, त्यासाठी मी मॉड बनवते. म्हणजे गेमवाल्यांनी आळसात जे सोडलंय, ते आपण नीट करायचं. त्यातल्या मच्छीमारांच्या गावात तर नुसता आनंद होता. जाळी कधी वाळायची नाहीत, मासे सगळे एका मापाचे. तिथे मी बाबाची होडी बसवली. निळा पट्टा, आणि पुढे आईचं नाव, 'सगुणा', जसं खऱ्या होडीवर होतं तसंच.

रविवारी सकाळी बाबाला लॅपटॉपसमोर बसवलं. वाटलं, खूश होईल. तो स्क्रीनजवळ वाकला.

"ही दिवसभर अशीच पाण्यात उभी?"

"मग कुठे उभी राहणार?"

"ओहोटीला गाळात नाय बसत? तुझ्या समुद्राला भरती-ओहोटी नाय गो?"

नव्हती. खरं सांगते, डोकं फिरलं माझं. तीन आठवडे मर मर मरून होडी केली, आणि या माणसाने दोन मिनिटांत खोट काढली. पण चूक ती चूक. पुढच्या रविवारपर्यंत मी भरती घातली. लहानपणी बाबानेच शिकवलं होतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर सहा वाजता.

बाबाने गेममधल्या आभाळाकडे बोट दाखवलं. "चंद्र दोन हायत."

"हो. तसलंच जग आहे ते."

"मग तिथी कुठल्या चंद्राची धरली?"

मोठ्या चंद्राची. दुसऱ्याचा मी विचारच केला नव्हता. जेवताना बाबा मधेच म्हणाला, "दोघं एका बाजूला आले तर वाट लागेल. गावात पाणी शिरेल." आई घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. आठ महिन्यांत तो जेवताना पहिल्यांदाच बोलला होता.

मग मी दोन्ही चंद्र धरले, गावातली घरं उचलून वर ठेवली. तरी याचं समाधान नाही. "पाणी असं जिना चढल्यासारखं नाय चढत. आधी दबकत येतं, मग धावतं, शेवटी दमतं."

"किती धावतं? आकडा सांग. मशीनला दबकणं कळत नाही."

"आकडा मला काय ठाऊक? चाळीस वर्षं पायाला कळायचं."

"मग जा, पायाला विचार."

बोलले आणि जीभ चावली. बाबा उठून आत गेला. आईने डोळे वटारले. जे थोडंफार जुळलं होतं, तेही मी घालवलं असं वाटलं.

सकाळी उठले तर बाबा घरात नाही. फोन टीव्हीवरच. जाळी विणायच्या निळ्या दोऱ्याचं रीळ माळ्यावरून गायब. दहा वाजले तरी पत्ता नाही, तेव्हा मी मीटिंग सोडून बंदरावर धावले.

तो पायऱ्यांवर बसला होता, पाय गाळाने माखलेले. पायऱ्यांना लागून असलेल्या खुंटाला निळ्या दोऱ्याच्या चार गाठी मारलेल्या होत्या. वरच्या दोन जवळजवळ, खालच्या दोन लांब लांब.

"अष्टमी आज. सहाला भरती भरली, सातपासून बाराच्या ओहोटीपर्यंत दर तासाला पाण्याजवळ एक गाठ," तो म्हणाला. "उतरतानाच बघायचं, म्हणजे गाठी दिसतात. चढतानाचं तसंच, उलट. मोजून घे तुझा आकडा."

न सांगता गेला म्हणून त्याला झापायचं ठरवून आले होते. पण तो खुंट मी ओळखला. पंचवीस वर्षं 'सगुणा' त्यालाच बांधलेली असायची.

"बाबा, एवढे खुंट आहेत. हाच का घेतलास?"

"बाकीच्यांना होड्या हायत. हाच तेवढा रिकामा होता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबाने बघितलं, आणि सरकून माझ्यासाठी जागा केली.

"बस," तो म्हणाला. "दोन गाठी बाकी हायत."