स्वच्छ रिपोर्ट

“चलिए आंटीजी, छुट्टी हो गई,” म्हणत नर्सने पलंगाची दांडी खाली केली आणि जयूताई एका हाताने पदर सावरत पायांनी चपला चाचपू लागली.

“मी बोलली नव्हती, गॅस आहे म्हणून? कालच्या कचोऱ्या भोवल्या. तुम्ही दोघं सकाळपासून उगाच परेशान.”

धाकटी बहीण विजया हसली. सकाळी ताईच्या पाठीत आणि जबड्यात कळ उठली, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिने आणि ताईच्या नवऱ्याने, विष्णूभावोजींनी, ताईला कसंबसं रिक्षात बसवून फ्रीगंज भागातल्या या दवाखान्यात आणलं होतं. आता रक्ताचा रिपोर्ट हातात होता आणि तो स्वच्छ होता. हृदयाचा स्नायू दुखावला की ट्रॉपोनिन नावाचं द्रव्य रक्तात उतरतं. अहमदाबादच्या औषध कंपनीत विजयाची सगळी नोकरी तेच मोजण्यात गेली होती. नवं औषध घेणाऱ्यांच्या रक्तात ते वाढत तर नाही ना, हे बघायचं. माणूस लपवेल, रक्त लपवत नाही, असं ती हाताखालच्या मुलींना सांगत असे. सुट्टीत माहेरगावी आलेल्या विजयाचा जीव भांड्यात पडला. भावोजी बिल भरायला खाली गेले.

ताईचा अंबाडा सुटला होता. तो बांधायला विजयाने केस हातात घेतले आणि क्षणभर ती लहान झाली. आई शिकेकाईने न्हाऊ घालायची तेव्हा ताईचा शेपटा कमरेखाली रुळायचा. राम घाटावर गेलं की अनोळखी बायका थांबवून विचारत, “बाई, काय लावता?” विजयाच्या वाट्याला उंदराची शेपटी. पुढे ताईचेही केस गेले. गेल्या वर्षी टाळू दिसत होती. आता मात्र कपाळाशी कोवळी लव उगवली होती.

“ताई, केस छान आलेत गं.”

ताईने दाराकडे बघून आवाज उतरवला. “गोळ्या घेते. चांगल्या हेवी डोसच्या. शेजारच्या मीनाने सांगितल्या. ह्यांना बोलू नको हं, म्हणतील म्हातारपणी काय शौक चढला.”

“कोणत्या गोळ्या?”

“बायोटिन का काय. आज पण घेतली. का गं?”

विजयाच्या हातातले केस तसेच सुटले.

कंपनीत एकदा एका बाईचं रक्त दर खेपेला असंच निर्मळ यायचं. सगळे खूश, औषध निर्धोक म्हणून. शेवटी कळलं, बाई केसांसाठी गोळ्या घेत होत्या. काही यंत्रं ज्या खुंट्यांवर ट्रॉपोनिन अडकवून मोजतात, त्या खुंट्या बायोटिनने आधीच भरून जातात. ट्रॉपोनिनला जागाच उरत नाही, आणि यंत्र म्हणतं, काही नाही. तेव्हापासून रक्त द्यायला येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला विजया केसांच्या गोळ्यांबद्दल विचारत आली होती. सख्ख्या बहिणीला विचारायचं राहिलं.

“आडवी हो.”

“अगं, पण छुट्टी झाली न.”

“ताई, आडवी हो. उठू नकोस.”

ताईला सकाळी तपासणारे डॉक्टर विक्रांत दुसऱ्या पेशंटपाशी होते. विजयाने त्यांना तिथेच गाठलं. “डॉक्टरसाहब, वो रिपोर्ट मत मानिए.”

“मैडम, रिपोर्ट तो नॉर्मल है.”

“वो बायोटिन ले रही हैं. बालों के लिए.”

डॉक्टरांनी खाली लॅबला फोन लावून यंत्र कोणतं ते विचारलं, आणि फोन ठेवून ते जवळजवळ धावतच निघाले. ताईचा ईसीजी पुन्हा काढला. सकाळी ठीक दिसलेली रेघ आता वर उचलली गेली होती.

“ऊपर ले चलो, अभी. एंजियोग्राफी.” मग हळूच म्हणाले, “थोड़ा नुकसान तो हो चुका होगा, मैडम.”

विजयाने ताईचा हात धरला. तो गार होता, घामाने चिकट. जन्मभर तिने रक्त पाहिलं ते नळ्यांत, नंबर लावलेलं. त्याला असा हात कधी नव्हता.

वरच्या दारापाशी नर्सने विचारलं, “कोई दवाई चलती है?” बिल भरून आलेले भावोजी शेजारीच उभे होते. ताईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, “बीपी की. और बालों की.”

दार लागलं.

“केसांच्या गोळ्यांनी झालं का हे?” भावोजींनी बाकावर बसत विचारलं.

“नाही, भावोजी. गोळ्यांनी फक्त ते दिसू दिलं नाही.”

“बाटली पाहिली होती मी, डब्यामागे. म्हटलं, हौस आहे तिची. विचारलं नाही.”

दार उघडलं की दोघं उठत. कुणीतरी ट्रे घेऊन निघून जाई, की पुन्हा बसत. विजयाला ताईच्या हृदयाची एकेक पेशी मरताना दिसत होती. केसांचं बोलणं निघालं नसतं, तर ताईला चपला घालायला तिनेच दिल्या असत्या. घरी न्यायला रिक्षा तिनेच बोलावली असती.

“जयूजी के साथ कौन है?”

दोघं उठले, पण पाऊल कुणाचंच पुढे पडेना. नर्सच्या मागून स्ट्रेचर बाहेर आलं आणि त्यावरून बारीक, कुरकुरता आवाज आला.

“विजू, ह्यांना आधी काही खायला घाल. शुगर उतरते ह्यांची.”

“हो,” असं विजयाला म्हणायचं होतं. पण ती मोठी शास्त्रज्ञ बाई वाटेतच, फरशीवर बसली.